साहेबांचा जिल्हा

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी आमचे साहेब रोज छत्री घेऊन कोर्टात येत. वर आभाळ कोरडं ठणठणीत, रस्त्यात टँकरची वाट बघत घागरींची रांग, आणि तिच्या कडेनं काखेत लांब दांड्याची काळी छत्री मारून साहेब चाललेले. कुणी हसलंच तर ते थांबत आणि अगदी गंभीरपणे विचारत, "पावसानं यावं आन् आपण तयार नसावं, हे बरं दिसतंय का?" मी नांदेडहून नुकतीच सहायक सरकारी वकील म्हणून त्यांच्या हाताखाली आले होते. हा माणूस एक तर फार मोठा आहे, नाही तर डोक्यानं थोडा सरकलेला आहे, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. आज एवढ्या वर्षांनी सांगते, दोन्ही खरं होतं.

ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत आणि त्यांना वाचायची सवय आहे. लातूर-नांदेडच्या पट्ट्यातलं एक जिल्ह्याचं ठिकाण समजा. साहेब तिथले जिल्हा सरकारी वकील. कुणी सरकारवर दावा लावला की सरकारच्या बाजूनं उभं राहायचं, हे आमचं काम. कुणाची जमीन तलावात गेलेली असते, कुणाच्या शेतातून रस्ता गेलेला असतो, कुणाची पेन्शन अडकलेली असते. ती माणसं तारखेला येतात आणि आमच्याकडे बघतात. त्यांच्या दृष्टीनं सरकार म्हणजे आम्हीच.

साहेब उंच, वाळके. कपाळावर विभूती, आणि काळ्या कोटाचा उजवा खिसा भाजलेल्या शेंगदाण्यांनी कायम फुगलेला. समोरचा वकील युक्तिवादाला उभा राहण्याआधी ते त्याच्या हातावर चार दाणे ठेवत. पक्षकार ऑफिसात आला की उठून उभे राहत आणि कानडी वळणानं "बर्री, बर्री", म्हणजे 'या, या', म्हणत त्याला खुर्ची देत. उदगीरकडची ही बोली त्यांच्या तोंडात पक्की बसलेली होती. मला ते विचित्र वाटायचं. ज्याच्या विरुद्ध उद्या उभं राहायचं, त्याला आज खुर्ची कशाला? एकदा मी तसं विचारलंही.

"सरकारला तोंड न्हाई, वकीलबाई," ते म्हणाले. "म्हणून तर आपल्याला ठेवलंय. आपण सरकारचं तोंड. मग तोंडानं आधी 'बसा' म्हणावं का नको?"

हे वाक्य त्यांचं ठेवणीतलं होतं. तलाठ्याला, तहसीलदाराला, कधी कधी चहावाल्यालाही ते ऐकवत. मी ते पुष्कळ वेळा ऐकलं आणि पुष्कळ वेळा कानाआड केलं.

साहेबांना एकच वेड होतं, ते म्हणजे जिल्हा. आमच्या भागात जिल्हा होऊ घातलेले तालुके दोन-चार तरी आहेत. त्यांतल्या आमच्याच जिल्ह्यातल्या एकाचे साहेब. त्या गावच्या लग्नपत्रिकेत तालुका आणि जिल्हा या दोन्ही जागी गावाचंच नाव छापतात. तिथल्या एका केशकर्तनालयाच्या पाटीवर 'जिल्ह्यातील पहिले' असं रंगवलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि तो जिल्हा म्हणजे आमचा नव्हे. साहेब आपल्या घरच्या पत्त्यात तसंच लिहीत. पोस्टातला कारकून दर वेळी त्यावर काट मारून खरा जिल्हा लिहायचा. साहेब दर वेळी पुन्हा तसंच लिहायचे. दोघांची ओळख झाली, एकमेकांच्या घरी जेवणं झाली, पण माघार कुणीच घेतली नाही.

या वेडाच्या मागे काय होतं ते मला त्यांच्याबरोबर तालुक्याच्या तारखेला एसटीनं जाताना कळलं. त्यांच्या वडिलांचा जमिनीचा एक दावा होता. जिल्ह्याचं कोर्ट लांब, दोन बस बदलून जावं लागे. एका तारखेला मधली बस बंद पडली. वडील पोचले तेव्हा पुकारा होऊन गेलेला होता, आणि गैरहजर म्हणून दावा काढून टाकलेला होता. वडील संध्याकाळी परत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, मी रस्त्यात होतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. साहेबांनी हे सांगितलं आणि खिडकीतून बाहेर बघत दाणे सोलत राहिले. मग म्हणाले, "जिल्हा जवळ असता तर म्हातारा चालत गेला असता." मला एकदम वाईट वाटलं. त्यानंतर पत्त्यावरून मी त्यांची चेष्टा केली नाही.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर आलं.

राज्यातल्या सगळ्या सरकारी वकिलांची प्रकरणं एका जागी दिसावीत, कुठली तारीख कुठं आहे ते वर बसून कळावं, असा तो बेत होता. प्रशिक्षण नांदेडला होतं. थंडगार हॉल, प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली, आणि पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस पडद्यावर रंगीत चौकोन दाखवतोय. बाहेर गोदावरीत वाळू दिसत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर साहेब उठले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "हे वर्षाला किती टँकर खातं?"

कंपनीच्या माणसाला वाटलं, टँकर हा सॉफ्टवेअरमधला काही प्रकार असावा. तो म्हणाला, तशी सोय पुढच्या आवृत्तीत देता येईल. हॉलमध्ये हशा पिकला. साहेब हसले नाहीत. दुष्काळात आमच्याकडे सगळ्या गोष्टी टँकरमध्ये मोजायची सवय लागली होती, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, की दर वर्षी भरायच्या या फीमध्ये किती गावांना पाणी गेलं असतं. उत्तर मिळालं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अर्ध्या प्यालेल्या बाटल्या गोळा करून दारातल्या कडुनिंबाच्या रोपाला ओतल्या आणि आम्ही बस पकडली.

मला वाटलं होतं, आता हे सॉफ्टवेअरला हातसुद्धा लावणार नाहीत. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातली तारखांची जाडजूड डायरी कपाटात घातली आणि कुलूप लावलं. दोन्हीकडे लिहीत बसलात तर कुठंच नीट लिहिणार नाही, म्हणाले, आणि सरकारचे पैसे गेलेच आहेत तर वसूल करू. सॉफ्टवेअरला त्यांनी नाव ठेवलं 'पाव्हणं'. सकाळी आल्याबरोबर विचारायचे, "पाव्हण्याला जेऊ घातलं का?" म्हणजे कालच्या तारखा भरल्या का.

पाव्हण्याचे नखरे पुष्कळ. एका वेळी तिघांनाच आत घ्यायचं, कारण तेवढ्यांचेच पैसे भरलेले होते, आणि आम्ही माणसं नऊ. चौथ्यानं आत जायचं तर कुणीतरी बाहेर यायचं. साहेबांनी नळावर लावतात तसे नंबर लावून दिले आणि स्वतःचा नंबर शेवटी ठेवला. रोज सकाळी पाव्हणं आम्हाला बोर्ड द्यायचं, म्हणजे आज कुठल्या कोर्टात कुठलं प्रकरण आणि कुणी उभं राहायचं, याची यादी. ती छापायला प्रिंटरमध्ये शाई नसे. सॉफ्टवेअरला पैसे होते, शाईला नव्हते. दोन्हींची खाती वेगळी, असं वरून उत्तर आलं. मग आमचे ऑपरेटर खलीलभाई पडद्यावरून वाचत आणि आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर उतरवून घेत असू. साहेब म्हणायचे, "पाव्हण्याला पलंग हाय, घरच्याला चादर न्हाई." पण त्यांनी त्या पाव्हण्याची केलेली सरबराई मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाहिली नाही. उरलेल्या जिल्ह्यांतले लोक जिथं नुसतं 'प्रलंबित' लिहून मोकळे होत, तिथं साहेब दाव्यातल्या माणसाला नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहायला लावत. त्यासाठी पुन्हा त्या माणसाला खुर्ची द्यावी लागे, बसवून विचारावं लागे.

खलीलभाई कंत्राटी होते. चाळिशीचे, तीन मुलींचे बाप, कंधारहून येऊन-जाऊन करणारे. दर सहा महिन्यांनी त्यांचा हुकूम नवा व्हायचा, आणि तो होईपर्यंत ते जेवण कमी करायचे. साहेबांवर त्यांचा फार जीव. साहेबांनी काही सांगितलं की "हौ साहेब" म्हणत बोटं चालू व्हायची.

आता तो दिवस सांगते. वर्तमानपत्रात रोज येत होतं की नवे जिल्हे जाहीर होणार. कुठले, ते प्रत्येक पेपरात वेगळं. एका सकाळी खलीलभाईंनी पाव्हणं उघडलं आणि नुसतेच बघत राहिले. जिल्ह्यांची जी यादी खाली उघडते, तिच्यात साहेबांच्या तालुक्याचं नाव आलेलं होतं. पेपरातल्या बातम्या वाचून कंपनीनं आगाऊ तयारी म्हणून चार-पाच नावं घालून ठेवली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या सकाळी आम्हाला एवढंच दिसलं की सरकारी सॉफ्टवेअरमध्ये, सरकारी अक्षरात, जिल्हा म्हणून ते नाव आहे.

साहेबांना बोलावलं. ते आले, वाकले, चष्मा वर करून बघितलं, चष्मा खाली करून बघितलं. मग खुर्ची ओढून बसले. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. कुणीतरी पेढे आणायला धावलं. मी घाबरत घाबरत म्हणाले की सरकारी पत्र तर अजून आलेलं नाही. साहेब म्हणाले, पत्र सावकाश येतं, पाव्हणं आधी पोचलंय. आणि खलीलभाईंकडे वळून म्हणाले, "आपल्या तालुक्याची सगळी प्रकरणं नव्या जिल्ह्यात टाका. आजच. पहिल्या दिवसापासून घर नीट लागलेलं असावं."

"साहेब, एक बार पूछ लेते," खलीलभाई म्हणाले.

"कुणाला पुसता? नाव दिसायलंय की."

"हौ साहेब," म्हणत खलीलभाईंनी एका झटक्यात सगळी प्रकरणं तिकडं हलवली. आम्ही पेढे खाल्ले. मीही खाल्ला, आणि चांगला होता.

पुढचे काही दिवस बोर्ड अगदी हलकं यायला लागलं. लग्नपत्रिकेची एक बाजू पुरायची. साहेब एकदा म्हणाले, "पाव्हणं आजकाल बेतानं जेवतंय." आम्ही खूश होतो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की बोर्ड निघतं ते ज्या त्या जिल्ह्याचं. तालुक्याची प्रकरणं ज्या जिल्ह्यात गेली होती, त्या जिल्ह्याला ना ऑफिस होतं, ना वकील, ना सकाळी बोर्ड उतरवून घेणारं कुणी. आणि डायरी कपाटात कुलपात होती.

कळलं ते तालुक्याच्या नायब तहसीलदारांच्या फोनवरून. त्यांच्याकडच्या एका गावात एका निवृत्त मुख्याध्यापकांची विहीर होती. साऱ्या पंचक्रोशीत तेवढ्या एकाच विहिरीला पाणी राहिलेलं. टंचाईत प्रशासनानं ती ताब्यात घेतली होती आणि तिच्यावरून एका तांड्याला आणि दोन वाड्यांना टँकर जात होता. गुरुजी त्याविरुद्ध कोर्टात गेले होते. परवा तारीख होती. सरकारतर्फे कुणी उभंच राहिलं नाही. कोर्टानं वाट पाहिली, पुन्हा पुकारा केला आणि गुरुजींना एकतर्फी मनाई हुकूम दिला. विहिरीला कुलूप लागलं. टँकर बंद झाला होता.

साहेबांनी फोन ठेवला. कुणाला रागावले नाहीत. छत्री उचलली आणि मला म्हणाले, चला. आम्ही जीपनं तांड्यावर गेलो. टँकर थांबायचा तिथं रिकाम्या घागरी ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या आणि बाया सावलीला बसल्या होत्या. दुसरा टँकर लांबून आणायची खटपट चालू होती, पण त्याची खात्री कुणी देत नव्हतं. काळे कोट बघून एक म्हातारी पुढं आली. टँकर कवा येतंय, तिनं विचारलं. साहेब म्हणाले, "आज न्हाई, माय. माझ्यामुळं न्हाई आलं."

तिला ते कळलं नसावं. तिला एवढंच कळलं की उन्हातून कुणी दारात आलंय. ती खोपटात गेली आणि तांब्याच्या तळाशी होतं नव्हतं ते पाणी पेल्यात घेऊन आली. मी नको म्हणणार, तेवढ्यात साहेबांनी पेला घेतला. पाणी गढूळ होतं. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग तो दोन्ही हातांनी धरून थेंब न सांडता संपवला आणि म्हातारीला हात जोडले. परत येताना त्यांनी जीपमध्ये एकही दाणा सोलला नाही. दाण्यांचा खिसा तसाच फुगलेला होता.

मनाई हुकूम उठवायचा तर कोर्टाला सांगायला हवं होतं की सरकार गैरहजर का राहिलं. तेही शपथेवर. वरच्या ऑफिसातून फोन सुरू झाले. कंपनीचा माणूसही धावत आला. त्यानं पाव्हण्याच्या पोटातून नोंद काढून दाखवली: प्रकरणं हलवली ती खलीलभाईंच्या नावानं आत शिरून. सगळ्यांनाच हायसं वाटलं. कंत्राटी ऑपरेटरच्या हातून चूक झाली, त्याला कामावरून कमी केलं, असं दोन ओळींचं शपथपत्र टाका, विषय संपला. सरकारी वकिलाचं नाव मध्ये आणू नका, असं वरून स्पष्ट सांगितलं गेलं. साहेबांच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती आणि पुढची नेमणूक त्याच ऑफिसच्या हातात होती. मी कंपनीच्या माणसाला विचारलं, पण यादीत नाव तर तुम्हीच घातलं होतं ना? तो म्हणाला, करारात तशा चुकांना आम्ही जबाबदार नाही. पैसे पूर्ण, जबाबदारी नाही. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला त्याचा रागसुद्धा यायचा राहिला.

खलीलभाई स्वतःच साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

"मेरा नाम डाल दो साहेब. बटन तो मैंच दबाया."

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. पक्षकाराला देत तशीच, उठून. मग मला म्हणाले, लिहून घ्या. मी लिहून घेतलं. त्यात खलीलभाईंचं नाव नव्हतं. कंपनीचं नव्हतं. 'तांत्रिक' हा शब्दच नव्हता. साहेब सांगत गेले ते एवढंच: माझा तालुका जिल्हा व्हावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तसं नाव दिसताच शासनाचा निर्णय न पाहता मी सर्व प्रकरणं अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्यात पाठवली. जुनी डायरीही मीच बंद करवली. त्यामुळे शासन गैरहजर राहिलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मी लिहिता लिहिता थांबले आणि म्हटलं, साहेब, इच्छेचं तरी नका लिहू, लोक हसतील.

"हसू द्या. शपथेवर अर्धंच सांगायचं व्हय?"

सुनावणीला कोर्ट भरलेलं होतं. तालुक्याच्या गावात बातमी लपत नाही. गुरुजी पुढच्या बाकावर, पांढरी टोपी, ताठ बसलेले. त्यांची बाजू खोटी नव्हती. विहिरीवर त्यांची मोसंबीची बाग होती, निवृत्तीनंतर एकेक रोप हातानं लावलेली. ताब्याची नोटीस ते घरी नसताना दाराला चिकटवली होती. त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. तसं कुणी बोललं नाही, हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायला मात्र चौकोन नव्हता.

साहेबांनी शपथपत्र स्वतः वाचलं. 'अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्यात' या शब्दांपाशी मागं कुणीतरी फिसकन हसलं. जजसाहेबांनी वर बघितलं, तो आवाज थांबला. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "वकीलसाहेब, तुमचा तालुका जिल्हा झाला का?"

"न्हाई साहेब," साहेब म्हणाले. "मीच केला होता. थोडे दिवस."

आता कुणी हसलं नाही.

जजसाहेबांनी कागद उलटून पुन्हा बघितला. ऑपरेटर असतो ना तुमच्याकडे, त्याचा यात उल्लेख नाही, ते म्हणाले. साहेब म्हणाले, "बटण दाबलं ते बोट, साहेब. 'दाब' म्हणालं ते तोंड माझं हाय. सरकारला दुसरं तोंड न्हाई. मी न्हाई बोललो तर सरकार चुकलं, हे ह्या गुरुजींना कोण सांगणार?"

आणि ते गुरुजींकडे वळले. भर कोर्टात, काळ्या कोटात, समोरच्या पक्षकाराला हात जोडून म्हणाले की गुरुजी, पहिली चूक नोटिशीची, दुसरी माझी; दोन्हींची माफी मागतो. सरकारला असं वाकताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

गुरुजी उठले. त्यांच्या वकिलानं कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवायला बघितलं, त्यांनी ती सोडवली. म्हणाले, "माझी जमीन कालव्यात गेली तेव्हा मोजणी चुकली होती. तेव्हापासून फिरतोय. चुकलं असं एकानं म्हणावं, एवढंच माझं म्हणणं होतं." मग म्हणाले, "दुपारपर्यंत टँकर भरू द्या. दुपारनंतरचं पाणी माझ्या झाडांना. आज माझ्याशी कुणी बोललं. आधीच बोललं असतं तर मी कोर्टात आलोच नसतो."

तशी तडजोड तिथंच लिहून झाली. बाहेर आल्यावर साहेबांनी गुरुजींच्या हातावर चार दाणे ठेवले. संध्याकाळी तांड्यावर टँकर गेला. आम्ही बघायला गेलो नाही. नायब तहसीलदारांनी फोन करून सांगितलं.

शपथपत्र वरच्या ऑफिसात पोचायला वेळ लागला नाही. साहेबांची मुदत वाढली नाही. पत्र आलं तेव्हा ते भाकरी खात होते. हात धुऊन वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. गैरहजर राहिलं की काढून टाकतात." मला त्यांचे वडील आठवले. बसमध्ये अडकलेल्या त्या माणसानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. साहेबांनी बिघडवलं होतं आणि ते मानलं होतं. तरीही शेवट तोच. मी बाहेर जाऊन रडले.

शेवटच्या दिवशी तालुक्याची प्रकरणं परत आणायची राहिली होती; तोवर त्यांच्या तारखा आम्ही कोर्टातून आणून पुन्हा जुन्या डायरीत लिहीत होतो. कंपनीनं आमच्या ऑफिसाला त्या नव्या जिल्ह्यात शिरायची परवानगी त्याच आठवड्यात दिली होती. खलीलभाई म्हणाले, साहेब, एका झटक्यात गेली तशी एका झटक्यात येतील. साहेबांनी त्यांना उठवलं आणि स्वतः बसले.

"झटक्यात नको. एकेक करून आणतो. माझी हायत."

ते एका बोटानं काम करत. प्रकरण उघडायचे, माणसाचं नाव मोठ्यानं वाचायचे, मग ते जुन्या जिल्ह्यात आणून ठेवायचे. कुणाची जमीन, कुणाची पेन्शन, कुणाची भिंत. त्या दिवशी पाव्हण्यात शिरायचे तीनही नंबर आम्ही त्यांना देऊन टाकले आणि बाकीचे नुसते उभे राहिलो. चहा आला आणि गार झाला. गुरुजींचं नाव शेवटी आलं. ते हलवल्यावर नव्या जिल्ह्यापुढं शून्य दिसू लागलं. साहेब त्या शून्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग उठले, छत्री घेतली आणि खलीलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बसा आता तुमच्या जागेवर.

खलीलभाई अजून त्या जागेवर आहेत. साहेब आता त्यांच्या गावी असतात. गाव अजून तालुकाच आहे. गेल्या दिवाळीला त्यांचं पत्र आलं, पत्त्यात जिल्ह्याच्या जागी तेच नाव, आणि त्यावर कुणीतरी मारलेली काट.

साहेबांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. पाव्हण्याच्या दोन आवृत्त्या बदलल्या, फी वाढली, शाईचं खातं अजून वेगळंच आहे. ते नाव मात्र यादीत तसंच राहिलं. ते काढून टाकायचं असेल तर वेगळे पैसे पडतील, असं कंपनी दर वर्षी कळवते. मी 'राहू द्या' म्हणून उत्तर देते. सकाळी ऑफिसात आले की खलीलभाई सगळ्यात आधी तोच जिल्हा उघडतात आणि मी त्यांच्या मागं उभी राहून बघते. एकही माणूस तिथं चुकून अडकलेला नाही ना, एवढंच. शून्य दिसलं की मी त्यांना म्हणते, आता बोर्ड काढा.